चार नंबरचं माप

मधुकररावांनी रुमालाची गाठ सोडली आणि दोन निळे तुकडे काउंटरवर ठेवले. मग ते एकमेकांना जोडून दोन्ही हातांनी धरले, म्हणजे समोरच्याला माप दिसावं. भेग बुडापासून काठापर्यंत सरळ गेली होती.

"हे पायजे," ते म्हणाले.

काउंटरमागचा हर्षित फोनवर बोलत होता. लकडगंजातलं हे प्लास्टिकच्या सामानाचं ठोक दुकान त्याच्या वडिलांचं. बादल्या, टोपल्या, डबे छतापर्यंत एकात एक रचलेले. त्यानं फोन कानाशी खांद्यानं दाबला, तुकड्यांवर एक नजर टाकली, मागच्या खोक्यात हात घातला आणि एक पांढरं माप काढून ठेवलं.

"घ्या काकाजी. तांदळाच्या डब्यासोबत येते ते. डिट्टो."

मधुकररावांनी नवं माप उचललं. जुन्या तुकड्याच्या कडेला त्याची कड लावून पाहिली. बसली. काठाची जाडी तीच. बाहेरच्या उभ्या रेषा तितक्याच. बुडाशी उमटवलेलं सूर्यफूलही तेच. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि बूड उजेडाकडं धरलं.

"याच्यावर दोन हाय," ते म्हणाले. "माह्यावर चार हाय."

हर्षितनं फोन बंद केला आणि हसला. "अहो, तो नंबर नाही पाहाचा. मशीनीतून एका बारीले चार निघतात. कोणतं कोणत्या घरातून निघालं तेवढंच लिहिलं असते." त्यानं खोकं पालथं केलं, पाच-सहा मापं उलटी करून पाहिली आणि एक पुढं सरकवलं. "हे घ्या चार नंबर. आता तं खुश?"

मधुकररावांनी ते हातात फिरवलं. आत अंगठा घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"हे नाही," ते म्हणाले.

"आता याच्यात काय कमी हाय?"

"कमी काही नाही."

"मंग?"

नवं माप त्यांनी हळूच खोक्यात परत ठेवलं, जणू दुसऱ्याचं भांडं चुकून उचललं होतं.

"हेच वितळवून हेच बनवून देणारा कोणी असन तं सांगा," ते म्हणाले.

आता हर्षितनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. शर्ट ढगळ झालेला. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं.

"घरी कोणी हाय का काकाजी?"

"आता नाही."

हर्षितनं खोकं मागं सरकवलं. मग त्यानं एका पावतीच्या मागं पत्ता लिहून दिला. "हिंगण्याले जा. एमआयडीसीत. अश्विन म्हणून हाय, आमचा माल तोच काढते. या आठवड्यात याच मापाचा साचा चढला हाय त्याच्या मशीनवर. मी फोन करून ठेवतो. पण तो हो म्हणनच, असं मी नाही सांगत."

बसमध्ये मधुकररावांनी रुमाल मांडीवर धरून ठेवला.

कौशल्या जाऊन चार महिने झाले होते. माप अकरा वर्षांचं. तांदळाचा डबा आणला तेव्हा त्यात ते आलं होतं. डब्याची कडी तुटली, झाकण हरवलं, माप टिकलं. सहा वर्षांपूर्वी मधुकररावांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, भात मोजून. त्याच दुपारी कौशल्यानं गॅसवर दाभण तापवलं, माप तिरकं धरलं आणि आतल्या बाजूनं एक रेघ ओढली.

"हे तुमचं," ती म्हणाली होती. "याच्या वर नाही."

तेव्हापासून लहान गंजात भात फक्त त्यांच्यापुरता शिजायचा. ती स्वतः भाकर खायची. ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे, आतून डब्यात माप फिरल्याचा खर्र आवाज यायचा, मग नळाचा, मग लायटरचा. पोटात भूक जागी व्हायची. एकतीस वर्षं त्यांनी खापरखेड्याच्या पॉवर हाउसात कोळशाच्या पट्ट्यावर काढली होती. किती कोळशावर किती वाफ, हे त्यांना तोंडपाठ होतं. एवढ्याशा गंजातल्या भाताचा हिशेब विचारायची वेळ कधी आली नव्हती.

ती गेल्यावर ते शिकले. रेघेपर्यंत तांदूळ, त्याच्या दुप्पट पाणी, बारीक आच. भात चांगला व्हायचा. मऊ, मोकळा. फक्त कमी व्हायचा.

हेच त्यांना कळत नव्हतं. माप तेच, रेघ तीच, गंज तोच. कौशल्याच्या हाताचा भात झाकणाला टेकायचा. झाकण उचललं की आतून चार शितं चिकटलेली असायची, ती कौशल्या बोटानं काढून तोंडात टाकायची. आता झाकण कोरडं निघत होतं. त्यांनी तांदूळ बदलला. दुकान बदललं. पाणी वाढवून पाहिलं, तर भात नुसता गिचका झाला. रेघेच्या वर एक दाणाही टाकला नाही. आखून दिलेली रेघ होती ती. दुपारी चारलाच भूक लागायची आणि ते पाणी पिऊन बसायचे.

मुलगा पियुष बेशाला फ्लॅटमध्ये बायको करिष्मासोबत राहत होता. गेल्या रविवारी आला आणि दारातच थांबला. "बाबा, काडी झाले तुमी. जेवण तरी करून राहिले का नाही? पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. कपडे भरून ठेवा."

"मी इथंच बरा हाय."

"भात शिजवता येते का तुमाले?"

"येते," ते म्हणाले होते.

आणि सोमवारी माप हातातून निसटलं. फरशीवर पडून दोन झालं. तेव्हापासून तीन दिवस ते मुरमुरे खात होते. एखादी वाटी घेऊन अंदाज करता आला असता. तुकड्यावरची रेघ पाहून वाटीवर खूण करता आली असती. हे सगळं त्यांना कळत होतं. पण हात डब्यात जात नव्हता. आज गुरुवार होता.

कारखाना म्हणजे पत्र्याचं एक लांब शेड. मधुकरराव दारातून आत शिरले आणि त्याच क्षणी आतला सगळा आवाज बंद पडला. डोक्यावरचा पंखा फिरता फिरता मंद झाला.

"गेली!" आतून कोणीतरी ओरडलं. "नेमकी आत्ताच जाची होती!"

ओरडणारा अश्विनच निघाला. पस्तिशीचा, उंच, हाताला ग्रीस लागलेलं. हर्षितचा फोन त्याला आला होता. त्यानं एक स्टूल पुढं ओढलं.

"बसा काकाजी. कोपऱ्यावरचा डीपी उडाला दिसते. तुमी आले कुठून?"

"खापरखेडा. पॉवर हाउसात होतो. आता रिटायर."

"घ्या! लाइट बनवणारा माणूस दारात आला आन् आमची लाइट गेली."

"बनवाचं काम आमचं," मधुकरराव म्हणाले. "पोचवाचं दुसऱ्याचं."

खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेली बाई मोठ्यानं हसली. समोर मापांचा ढीग, हातात पातळ ब्लेड. प्रत्येक मापाच्या बुडाशी राहिलेला प्लास्टिकचा बारीक काटा ती एका फटक्यात उडवत होती. तिला सगळे यमुताई म्हणत, अश्विन तेवढा मावशी म्हणे. "बरं सुनावलं भाऊ तुमी," ती म्हणाली. "सकाळपासून हा कोणाले बोलूच देऊन नाही राहिला."

मधुकररावांनी रुमाल सोडला. अश्विननं तुकडे घेतले, वाकवून पाहिले, कडेवर नख मारलं.

"कुजलं हाय हे. ऊन, फोडणी, वाफ, सगळं खाल्लं यानं. काकाजी, खरं सांगू का? एक नग असा नाही बनत."

"काहून नाही बनत? साचा चढला हाय म्हणे."

"साचा हाय. या, दाखवतो. असंही लाइट येईपर्यंत काय काम हाय मले."

मशीन लांबलचक होतं, आडव्या झोपवलेल्या हौदासारखं. एका टोकाला वर फनेल, त्याखाली जाड नळी, दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या दोन चौकोनी लाद्या तोंडाला तोंड लावून उभ्या. अश्विननं शेजारच्या पोत्यात हात घातला आणि मधुकररावांच्या तळहातावर मूठभर पांढरा दाणा ओतला.

"हा प्लास्टिकचा दाणा."

"तांदूळच दिसते."

"सगळे असंच म्हणतात. हा वरून टाकाचा. या नळीले बाहेरून हीटर हायेत आन् आत मोठा स्क्रू फिरते. दाणा पुढं सरकत जाते तसा वितळते. दोनशेच्या वर जाते. पाकासारखा झाला की स्क्रू सगळी ताकद लावून त्याले या साच्यात घुसवते. साच्यात पोकळी हाय, मापाच्या आकाराची. अशा चार. आतून गार पाणी फिरते. पाक गोठला की साचा उघडते, मागून सळया ढकलतात, मापं खाली. वीस सेकंद. पुन्हा बंद, पुन्हा चार."

"कुरडया करतो ना भाऊ आपण," यमुताई तिकडून म्हणाली, "चीक सोऱ्यात भरून दाबाचा. तसंच. फक्त खाली मोकळं नाही, बंद डबी हाय. जी डबी तीच कुरडई."

"हे मावशीनं मस्त सांगितलं. आन् एकदा साचा बनला की मंग लाख काढा. साच्याले पैसा लागते, वेळ लागते, पण मंग पहिलं आन् लाखावं यात केसाचा फरक नाही. म्हणून तं कोणतंही झाकण कोणत्याही डब्याले बसते. हातानं एकेक बनवलं असतं तं एवढंसं माप कोणाले परवडलं असतं?"

मधुकरराव तळहातावरचा दाणा पाहत होते. "केसाचा फरक नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मंग जुनं झालं की फुगते का हे? आतून मोठं होते, लहान होते?"

अश्विननं भुवया वर केल्या. "नाही. आकसते ते गार होताना, सुरुवातीलेच. आम्ही साचा तेवढा मोठाच धरतो. नंतर वर्षानुवर्षं तेवढंच राहते. काहून?"

"भात कमी होते," मधुकरराव म्हणाले. "त्याच मापानं तिच्या हातचा पुरायचा. माह्या हातचा कमी पडते."

अश्विननं यमुताईकडं पाहिलं. यमुताईचं ब्लेड थांबलं होतं.

"ते मले कसं माहीत असन काकाजी," अश्विन म्हणाला.

वीज यायला पाऊण तास लागला. मग नळी पुन्हा तापायला आणखी अर्धा. तोवर यमुताईनं चहा मागवला, मधुकररावांनी बिनसाखरेचा सांगितला आणि स्टुलावर बसून राहिले. जायला उठले नाहीत. तुकडे त्यांनी पुन्हा रुमालात घेतले होते आणि रुमाल पुन्हा मांडीवर होता.

"टाक ना गा त्याचं," यमुताई शेवटी म्हणाली.

"मावशी, मशीन हाय, देवघर नाही. आत पिन-बिन असली तं स्क्रू जाईन."

"भाताचं माप हाय ते. त्यात पिन कुठून येते? आन् लाइट गेल्यावरचा पहिला माल तू फेकतच नाही का?"

अश्विननं मान खाजवली. ते खरं होतं. वीज गेली की नळीत अडकलेला माल करपतो, पहिली दहा-पंधरा वेळची मापं विकायची नसतात. ती बाजूला टाकून पुन्हा दळावी लागतात.

"द्या," तो म्हणाला. "पण एकदा दळलं की वापस नाही. आन् तुमच्या मापाचं तुमचंच माप होईन असंही नाही. बाकीच्या दाण्यात मिसळन ते."

"मिसळू द्या. निघन तं त्याच साच्यातून ना?"

"निघन तिथूनच."

मधुकररावांनी तुकडे त्याच्या हातात दिले. रुमाल झटकला, घडी केली, खिशात ठेवला. दळायच्या मशीनचा आवाज दोन-तीन सेकंदच आला. अश्विन परत आला तेव्हा त्याच्या ओंजळीत निळा चुरा होता. त्यानं तो फनेलच्या तोंडाशी ओतला आणि वर पांढरा दाणा टाकला.

लाद्या मिटल्या. मशीन हुंकारलं. लाद्या उघडल्या आणि चार मापं खाली पडली. पिवळसर, मध्येच काळे ठिपके. निळं काहीच नाही.

"नाही निघालं," मधुकरराव म्हणाले.

"नळीत आधीचा माल हाय. तुमचा नंबर लागाचा हाय."

दुसरी बारी. तिसरी. चौथी. पाचव्या बारीला एका मापाच्या काठाशी केसाएवढा निळा धागा दिसला. सहाव्याला चारही मापांवर निळे ओघळ होते, धुतलेल्या कपड्याचा रंग दुसऱ्याला लागावा तसे. मधुकरराव उठून मशीनजवळ गेले. यमुताईनं काटा उडवलेलं एकेक माप ते उचलत होते. माप गरम होतं. ते आत अंगठा घालायचे, गोल फिरवायचे, खाली ठेवायचे, पुढचं घ्यायचे. सातवी बारी. आठवी. निळं आता पसरट आणि फिकट होत होतं. त्यांचा अंगठा प्रत्येक मापात एकदा फिरून येत होता.

अश्विननं मशीनचं दार उघडून ठेवलं. मशीन थांबलं.

"काकाजी, काय पाहून राहिले?"

"रेघ."

"कोणती रेघ?"

"आतली. तिनं ओढलेली. तिथवरच भराचं असते मले." बोलता बोलता त्यांचाच आवाज हळू होत गेला.

अश्विननं मापाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "काकाजी, साच्यात जे कोरलं तेच येते. रेघ तुमच्या मापावर होती. साच्यात नव्हती."

"माल तं तोच हाय."

"माल तोच हाय."

मधुकरराव माप हातात धरून उभे राहिले. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. कोणी विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. पण रेघ निराळी आणि माप निराळं, असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. रेघेसकट ते माप होतं. रेघेसकटच ते परत यायचं होतं.

"आधी सांगाचं ना हो," अश्विन म्हणाला. "मोजून ठेवली असती मी. पट्टी होती इथं." तो दळायच्या मशीनकडं गेला, त्याचा खालचा डबा ओढून पाहिला आणि तसाच आत ढकलला.

यमुताई उठली. खुर्चीवरून पोतं सरकवून तिनं मधुकररावांना बसवलं.

"चालू कर गा तू तुह्यं मशीन," ती अश्विनला म्हणाली. "माल जळन. भाऊ, तुमी यातलं एक माप निवडा पहिले."

मशीन सुरू झालं. नववी बारी, दहावी, अकरावी. मधुकररावांनी ओघळांची मापं बाजूला केली. फिकट होती तीही बाजूला केली. अकराव्या बारीतली चार मापं त्यांनी उलटी करून बुडं पाहिली आणि एक उचललं. ते पांढरं होतं. खिडकीकडं धरलं तरी पांढरंच.

"त्याच्यात निळं नाही हो," अश्विन म्हणाला. "ते घ्या ना, रंगाचं."

"याच्यातही असनच ना थोडंसं?"

अश्विननं विचार केला. "असन," तो म्हणाला. "दिसणार नाही. पण असन."

यमुताईनं दाण्याचं पोतं त्यांच्या गुडघ्यांशी ओढलं. "हा तांदूळ समजा. रोज भरलं ना तुमी? डोयानं नका पाहू. हात थांबन तिथं थांबा."

त्यांनी माप पोत्यात घातलं. खर्र. वर काढलं, थोडं हलवलं, थोडा दाणा सांडू दिला आणि थांबले. पुन्हा हलवलं. पुन्हा थांबले. यमुताईनं वाकून पाहिलं, आतून नखानं जागा धरली, दाणा पोत्यात ओतला आणि ब्लेडच्या टोकानं बारीक रेघ ओढली.

"अंगठा लावून पाहा बरं."

त्यांनी लावला. अंगठा रेघेवर गेला, मागं आला, पुन्हा गेला.

"इथंच होती," ते म्हणाले.

"झालं तं मंग."

पण ते उठले नाहीत. त्यांनी माप पुन्हा पोत्यात घातलं. खर्र. रेघेपर्यंत भरलं, पोत्यातच ओतलं. मान थोडी तिरकी करून बसले, बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे तसे. मग मापाचा नुसता काठ दाण्यात बुडवला आणि वर काढला. खर्. लहानसा, अर्धाच आवाज. तळाशी जेमतेम मूठभर दाणा होता. तो त्यांनी तळहातावर घेतला.

"काय झालं भाऊ?" यमुताईनं विचारलं.

"दोनदा यायचा," मधुकरराव म्हणाले.

"काय दोनदा?"

त्यांनी तळहात पोत्यावर उलटा केला. एकेक दाणा निघेपर्यंत बोटं झटकली.

"काही नाही."

माप रुमालात बांधून ते निघाले. दाराशी वळून त्यांनी टेबलावरच्या निळसर मापांकडं बोट केलं. "याचं काय करता आता?"

"दळतो. थोडं थोडं करून गडद रंगाच्या मालात टाकतो. फुकट नाही जात काही."

"म्हणजे कुठं कुठं जाईन?"

"डबे जातीन तिकडं. भंडारा, गोंदिया, पार छिंदवाड्यालोक."

मधुकररावांनी मान हलवली. रामटेकला अंबाळा तलावात कौशल्याच्या अस्थी सोडल्या तेव्हा हे पाणी पुढं कुठं जातं, असं त्यांनी गुरुजींना विचारलं होतं. गुरुजींनी त्यांच्याकडं चमत्कारिक पाहिलं होतं आणि पुढचा मंत्र सुरू केला होता. अश्विननं निदान गावं सांगितली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पियुषचा फोन आला.

"बाबा, कपडे भरले का? करिष्मानं तुमची खोली लावून ठेवली."

"रविवारी तुमीच या इकडं," मधुकरराव म्हणाले. "दोघंही. जेवालेच या."

"काय जेवाले? मुरमुरे?"

"ये तं खरं. मंग पाहू कपड्यांचं."

त्यांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा उघडला. रेघेपर्यंत माप भरलं आणि लहान गंजात ओतलं. थोडा वेळ हात डब्यावर तसाच राहिला. बाहेरच्या खोलीत त्यांची खुर्ची होती, तिच्यावर कालचा पेपर. ओट्यापासून खुर्ची दिसत नव्हती. खुर्चीवरून ओटाही दिसत नसे, फक्त ऐकू येई.

त्यांनी मापाचा काठ तांदळात बुडवला. खर्. कौशल्या टाकत असावी तशी ती वरची मूठही गंजात ओतली.

मग पाणी घातलं, तेही जरा जास्त. गॅस बारीक केला आणि बाहेर जाऊन खुर्चीत बसले. पेपर उघडला नाही. वास आल्यावर उठले.

झाकण उचलताना हाताला थोडं जड लागलं. त्यांनी ते उलटं केलं. आतल्या बाजूला पाच-सहा शितं चिकटली होती. मधुकररावांनी ती एकेक करून बोटानं काढली, आणि ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ली.